व्याह्यांची बाटली

सुनेचे वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राहायला येणार म्हटल्यावर सासूबाईंनी आपणहून त्यांना पुढची खोली दिली आणि स्वतःचं शिलाई मशीन मागच्या गॅलरीत हलवलं. व्याही फार लांबून, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोलणं कमी, आवाज मऊ. बाईंना ते आवडले. हे मत जेमतेम पहिल्या दुपारपर्यंत टिकलं.

जेवण झाल्यावर व्याह्यांनी जरा संकोचत विचारलं, इथे जवळपास बाटली कुठे मिळते. दुपारची एक घेतली की बरं वाटतं, असंही म्हणाले.

बाईंच्या हातातलं ताट हातातच राहिलं. त्यांच्या नवऱ्याला बाटलीनेच नेलं होतं. शेवटची काही वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांचे कपडे शिवता शिवता एक कान जिन्याकडे ठेवून काढली होती. पाऊल सरळ पडतंय की अडखळतंय, एवढंच ऐकायला. मुलगा तेव्हा लहान होता. त्याला बाबा आजारी आहेत असंच सांगितलेलं.

“आमच्या घरात बाटली चालत नाही,” त्या म्हणाल्या.

व्याही कानकोंडे झाले आणि खोलीत जाऊन पडले.

संध्याकाळी बाईंनी सुनेला आडून आडून विचारलं. भाजी चिरताना ती हसली. बाबांचं ते जुनंच आहे, म्हणाली. बाटलीशिवाय त्यांची दुपार जात नाही, आणि आई गेल्यापासून तर कधीकधी दोन लागतात. हिला लाज कशी वाटत नाही, हेच बाईंना कळेना. पण लग्न नवं होतं. आपण तोंड उघडलं तर घरात फूट पडेल, म्हणून त्या गप्प बसल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. चहा वेळेवर जायचा, औषधाचे थेंब वेळेवर पडायचे, पण कामापुरत्या शब्दापलीकडे शब्द नाही. आपली अडचण होतेय हे व्याह्यांनी ओळखलं आणि पट्टी निघायच्या आधीच परतीच्या तिकिटाचा विषय काढला. सून रडकुंडीला आली. बाईंनी राहा म्हणून म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडल्याचा आवाज आला. एका डोळ्यावर पट्टी, हात भिंतीला, असे व्याही एकटेच जिना उतरत होते. बाईंनी कात्री ठेवली, चपला अडकवल्या आणि मागे निघाल्या. पडले-बिडले तर लोक आपल्याला नावं ठेवतील, असं त्या मनाशी म्हणाल्या.

व्याही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिरले. बाई पोचल्या तेव्हा ते बाकावर बसले होते. हातात केशरी पेयाची बाटली, तोंडात नळी, आणि पट्टी नसलेला डोळाही समाधानाने मिटलेला.

“हे काय घेताय?”

व्याही दचकून उठले. “बाटली. तुमच्या घरात चालत नाही, म्हणून बाहेर आलो. रागावू नका, विहीणबाई.”

“याला बाटली म्हणता तुम्ही?”

“मग काय म्हणायचं?”

“थंडा,” दुकानदार आतून म्हणाला. “इथे सगळे थंडाच म्हणतात.”

बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आमच्याकडे बाटली म्हणजे दारू, एवढंच सांगायचं होतं. पण सुरुवात केली आणि नवऱ्याची सगळी हकीकत बाहेर आली. पेय कोमट झालं, तरी व्याह्यांनी नळी पुन्हा तोंडात धरली नाही.

“मला वाटलं, माझं येणंच तुम्हाला जड झालंय,” शेवटी ते म्हणाले.

“झालं होतं,” बाई म्हणाल्या. “आता पट्टी निघाल्याशिवाय जायचं नाही.”

ते राहिले. नजर स्वच्छ झाल्यावर, घरातलं बंद पडलेलं एक घड्याळ चालू करून गेले.

त्यानंतर एका संध्याकाळी, शर्टाची काजं करता करता, बाईंनी मान वर न करता मुलालाही सगळं सांगितलं. त्याला त्यातलं बरंचसं ठाऊक होतं. तसं न बोलता त्याने दिवा त्यांच्या जवळ ओढला आणि ऐकत बसला.