भिंतीच्या आत

काल संध्याकाळी भिंतीखालचं भगदाड दगडांनी बुजवून सेनाइदा कशी निवांत झोपली होती! आणि आज सकाळी पाहते तर पेंग्विनची तीन बिळं रिकामी. पिसं तेवढी उरलेली.

"मेल्या कोल्ह्याने दुसरीकडून उकरलं वाटतं," म्हणत ती भिंतीच्या कडेने सुटली. भूशिराच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला ही भिंत; एवढीच तर राखायची होती. बापाची उभी हयात यात गेली, आणि लेकीच्या पहिल्याच हंगामात ही तऱ्हा! या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत कुठेच फुटलेली नव्हती. कालचे दगडही जागच्या जागी. फक्त त्यांच्यावर नखांचे ओरखडे होते, ताजे, आणि तेही आतल्या बाजूने.

तिने ओरखड्यांवरून बोट फिरवून पाहिलं.

जोडीचा रखवालदार फाउस्तोकाका भाजलेला मका चघळत मागून आला. ओरखडे पाहून त्याला हसूच फुटलं. "शाबास गं पोरी! चोराला घरात घेतलंस आणि वर कडी लावलीस!"

"दात काय काढताय? दगड कोणी आणून दिले?"

"बरं बाई, चुकलो. चल, हाकलून काढू त्याला."

"कुठून हाकलणार? बिळांवरून? एक पेंग्विन बिथरला की सगळे उठतील. अंडी उघडी पडली की ती बघा, टपूनच बसलीत." वर खडकावर गिधाडं बसली होती.

तिने शहरातल्या साहेबाला, भूशिराचा कारभार पाहणाऱ्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, भिंतीला हात लावायचा नाही. सोमवारी माणसं पिंजरा घेऊन येतील. आज तर गुरुवार.

"सोमवारपर्यंत काय शिल्लक राहणार इथे? डोंबल!" तिने पहार उचलली.

"नोकरी जाईल हं."

"जाऊ दे गेली तर! धरा इकडून."

दगड निघाले. दोघं जरा लांब, खडकाआड जाऊन बसली. सेनाइदाला बसवेना. ती उठायची, काका दंडाला धरून खाली ओढायचा. धुकं दाटलं, विरळ झालं, पुन्हा दाटलं. तिने नखं खाऊन संपवली.

"अगं, श्वास तरी घे," काका पुटपुटला.

आणि तेवढ्यात ती आली. कोल्हीण होती. आचळं दुधाने तटतटलेली. पिल्लं भिंतीपलीकडे उपाशी, म्हणून रात्रभर दगड ओरबाडत होती तर! सेनाइदाला तिची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच भयंकर राग आला.

कोल्हीण जवळ आली तेव्हा तिच्या तोंडात काय आहे ते दिसलं. पेंग्विनचं करडं, लुसलुशीत पिल्लू. जिवंत. चिवचिवत होतं.

आता एक आरोळी ठोकली की कोल्हीण पिल्लू टाकणार. टाकणार आणि उलटी फिरून पुन्हा बिळांत घुसणार. सेनाइदाच्या गळ्याशी आलेली आरोळी बाहेर पडायला नको म्हणून तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. काकाने मान फिरवली.

कोल्हीण भगदाडाशी थबकली, वाकली आणि पलीकडे गेली.

दोघं धावली. पहिला दगड बसवताना पलीकडून चिवचिव ऐकू येत होती. दुसऱ्याला ती थांबली. सेनाइदा ढसाढसा रडत होती, आणि रडता रडता काकावर ओरडत होती, "दगड द्या ना पटापट! बघत काय उभे राहिलात!"