उत्तरेचं दार

जानेवारीपासून ऋग्वेदाला एक मुंगी सारखी चावत होती, आणि त्या मुंगीचं नाव होतं कल्याणी.

कल्याणी पुण्याहून न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला आली तेव्हा ऋग्वेदानेच तिला सगळं शिकवलं. डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, पोहायला जाताना टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घ्यायचे, 'स्वीट अ‍ॅज' म्हणजे नुसतं 'मस्त', पुढे काही येईल म्हणून ताटकळायचं नाही. तोवर शाळेतली एकुलती एक मराठी मुलगी म्हणजे ऋग्वेदा. आणि आता? आता घरी आईसुद्धा, "कल्याणीच्या पोळ्या बघितल्यास का गं? काय गोल!"

त्यात इतिहासाच्या मिसेस टॉमलिननी काम दिलं. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याचं चर्च कल्पनेने उभं करायचं. नकाशा आपला, मॉडेल आपलं, आणि प्रत्येक गोष्टीला कारण द्यायचं. सगळ्यांत चांगलं मॉडेल टर्मभर शहराच्या लायब्ररीत, काचेच्या कपाटात, नावासकट! ते कपाट ऋग्वेदाला हवं होतं. हवं म्हणजे हवंच.

मंगळवारी ती कल्याणीकडे 'सहज' गेली आणि दारातच थबकली. या मुलीने मनवातू नदीकाठचे खडे चाळणीने चाळून आणले होते आणि एकेक चिकटवून भिंती उभ्या केल्या होत्या. (ऋग्वेदाच्या भिंती प्रिंटरमधून आल्या होत्या.) जाड खांबांवर गोल कमान, तिच्या शेजारी दोनशे वर्षांनंतरची टोकदार खिडकी, कारण गाव वाढलं की चर्चही वाढायचं. आत भिंतींवर रंगवलेले संत, आणि पुढच्या लोकांनी चित्रं झाकली म्हणून त्यांच्यावर अर्धवट फासलेला चुना. एवढं सगळं! एकटीने!

मग ऋग्वेदाला चूक सापडली आणि तिला इतका आनंद झाला की विचारू नका.

"पोर्च दक्षिणेला का लावलास?"

"ऊन तिकडून येणार ना," कल्याणी म्हणाली. "आणि दाराजवळ ही सावलीची तबकडी. सावली या रेघेवर आली की घंटा वाजवायची. पुण्यात आमच्या दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळाभर ऊन असायचं."

"ते पुणं, मॅडम! इथे सूर्य उत्तरेला असतो. आमचे कपडे कुठल्या बाजूला वाळतात? तुमच्या हॉलमध्ये ऊन कुठून येतं?"

कल्याणीने खिडकीकडे पाहिलं. ऊन खरंच उत्तरेकडून येत होतं. "बरं झालं बाई सांगितलंस," ती म्हणाली आणि तिने तिथल्या तिथे पोर्च उचकटला.

गुरुवारी कारणं लिहिताना ऋग्वेदाने लायब्ररीतलं पुस्तक उघडलं. सावलीची तबकडी दक्षिणेच्या भिंतीवर, असं त्यात होतं. छपाईची चूक, ती म्हणाली. दुसऱ्या पुस्तकातही तेच. मग तिने टेबलावरचं संत्रं उचललं, वर इंग्लंड धरलं, खाली आपलं घर, समोर दिवा, आणि तिचे कान तापले. चर्च इंग्लंडमधलं होतं. सूर्य मात्र तिने पामर्स्टन नॉर्थचा वापरला होता.

तिने आपला पोर्च गुपचूप दक्षिणेला नेला. प्रिंटरचा कागदच तो, पाच मिनिटांचं काम. फोन हातात होता. कल्याणीला एक मेसेज, बस. तिने फोन उशीखाली सरकवला. शुक्रवारीही. शनिवारीही.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "कल्याणीच्या आईची हॉस्पिटलात ड्युटी आहे. हा पुलावाचा डबा देऊन ये."

कल्याणीच्या टेबलावर तिचं मॉडेल तयार होतं. शेजारी कारणांचा कागद. उत्तरेच्या पोर्चपुढे लिहिलं होतं, 'हे मला माझ्या मैत्रिणीने, ऋग्वेदाने समजावलं.'

आधी ऋग्वेदाच्या मनात आलं, बाप रे, चुकीवर नाव माझं! आणि लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली की डबा हातातच राहिला.

"ते चुकलंय," ती म्हणाली. "तुझंच बरोबर होतं. इंग्लंडमध्ये ऊन दक्षिणेकडून येतं."

कल्याणी बघतच राहिली. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"गुरुवारी! आणि तुझा पोर्च?"

"हलवला."

"वा! आणि मी उद्या सगळ्यांसमोर वेडी ठरणार होते. मैत्रीण म्हणे!" कल्याणीचा आवाज चिरकला. तिने सुरी घेतली आणि पोर्च पुन्हा उचकटला. या वेळी खडेही निघाले. उत्तरेच्या भिंतीला दाराएवढं भगदाड पडलं.

"झालं! आता हे कसं बुजवू? डागासारखं दिसणार."

ऋग्वेदाला ते कसं बुजवायचं ते ठाऊक होतं. पुस्तकात होतं, आणि तिने ते स्वतःच्या मॉडेलसाठी राखून ठेवलं होतं.  ते काचेचं कपाट डोळ्यांसमोर आलं. नावासकट.

"बुजवलेलं दार कर," ती भरभर बोलली, मध्ये थांबले तर शब्द गिळून टाकेन अशी भीती वाटून. "जुन्या चर्चना उत्तरेलाही दार असायचं. पुढे खूप ठिकाणी दगडांनी बंद केलं. लोक म्हणायचे, सैतान तिकडून बाहेर जातो, तो परत येऊ नये म्हणून बुजवलं. कमान ठेव आणि आत वेगळ्या रंगाचे खडे भर."

 कल्याणीने गोंदाची बाटली ऋग्वेदाकडे सरकवली. "काळे खडे त्या वाटीत आहेत. आणि मी अजून रागावलेली आहे, कळलं?"

"कळलं."

सोमवारी मिसेस टॉमलिन उत्तरेच्या भिंतीपाशी वाकून उभ्या राहिल्या त्या हलेचनात. "बुजवलेलं दार!" त्या म्हणाल्या. "हे कुणाला सुचलं?"

"ऋग्वेदाला," कल्याणी म्हणाली. खरंखुरं, मोठ्याने.

तरीही काचेत कल्याणीचंच चर्च गेलं. ऋग्वेदा टर्मभर सायकलवरून लायब्ररीत जात होती. समोरून तिने ते मॉडेल कधी पाहिलंच नाही. मागे जाऊन, काचेला नाक लावून ती फक्त ते दार बघायची. सोळा काळे खडे तिने लावले होते आणि सगळे सरळ बसले होते. शेजारचे कल्याणीचे मात्र त्याहून सरळ होते.