पहिल्याच बोलीला मिळालेलं हाटेल

आमच्या मालकांनी जन्मात सांगितल्या भावाला वस्तू घेतली न्हाय. लग्नात मी अंतरपाटाच्या ह्या बाजूला उभी, आन् ह्ये तिकडं वाजंत्रीवाल्याबरं घासाघीस करत्यात. भटजी खोळंबला, मुहूर्त खोळंबला, पर पंधरा रुपयं कमी झालं तवाच नवरदेव बोहल्यावर आलं. नाव दादासो. शेळगावात आमचं घर. सासऱ्याच्या वक्ताला मेंढरं व्हती, आता चार एकर ऊस हाय आन् दुधाचा टेम्पो रोज बारामती एमआयडीसीत जातो. मेंढरं गेली, पर मेंढरांचा बाजार ह्यांच्या अंगातनं गेला न्हाय. तितं उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा, आन् ह्यांचा एकच कायदा: समोरचा पहिल्याच बोलीला व्हय म्हणला, तर जनावरात खोड हाय. उपरणं झटकायचं आन् चालू पडायचं.

ही गोष्ट नव्याण्णव सालची. आमच्या प्रतिक्षाचा साखरपुडा ठरला व्हता. पोरगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. स्थळ करमाळ्याकडचं. कागदावर सगळं झकास: मुलगा विजयसिंह, एमआयडीसीत सुपरवायझर, निर्व्यसनी, स्वतःचं घर, दहा एकर बागायत. बोलणी करायला मुलाचं वडील मोहनराव आलं. ह्यांनी हळूच पन्नास हजार आन् मोटरसायकल असं बोलून ठेवलं. आतल्या मनानं लाखापातूर जायची तयारी. मोहनरावांनी सुपारी चघळत चघळत म्हणलं, "चालंल की." झालं! पाव्हणं गेल्यावर ह्ये दारातच नाचायचं बाकी ऱ्हायलं.

मी म्हणलं, "अवं, कारखान्यात जाऊन चौकशी तरी करा. रोज टेम्पो त्याच रस्त्यानं जातोय."

"सारजे, माणसं साधी हायती. उगं नाट लावू नगंस."

मग साध्या माणसांचा निरोप आला. "येत्या बुधवारी साखरपुडा हाटेलात पायजे, आन् आमच्या माणसांची चार खोल्यांत मुक्कामाची सोय बी तितंच. आमची माणसं कुणाच्या घरात पथाऱ्या टाकत न्हाईत." मी कपाळाला हात लावला. ह्ये मात्र खूश. हाटेल म्हंजे घासाघीस आली!

आमचा पुतण्या नागेश बारामतीत सायबर कॅफे चालवायचा. तीन कॉम्प्युटर, एक पंखा आन् भिंतीवर अमेरिकेचा नकाशा. त्यानं म्हणं अमेरिकेतल्यासारखी वेबसाइट काढली व्हती. आमाला दोघांना खुर्च्या दिल्या आन् समजावून सांगितलं, "तात्या, हितं हाटेलवाला भाव सांगत न्हाय. भाव तुमी सांगायचा. त्याला परवडलं तर तो व्हय म्हणणार."

"आन् हाटेल कुठलं?"

"ते कळत न्हाय. तीन स्टार, हायवेला लागून, गरम पाणी, हॉल, एवढंच दिसतंय. नाव पैसं भरल्यावर उघडतंय. आन् एकदा भरलं की पैसं माघारी न्हाईत."

"म्हंजे उपरण्याखालचा सौदा!" ह्यांचं डोळं असं चमकलं, की माझ्या बाळंतपणात बी चमकलं न्हवतं.

"चार खोल्या," ह्ये म्हणलं. "खोलीला दीडशे." एरवी एका खोलीचा भाव सहाशेचा. नागेशनं बोटानं टकटक केलं. फोनला जोडलेल्या डबड्यातनं किरकिर आवाज झाला, लाइन तुटली, परत लागली. मला दाराच्या पडद्यामागं फोनवर कुणी बोलताना ऐकू येत व्हतं. डोकावून बघितलं तर नागेशचा पार्टनर एसटीडीवरनं विचारतोय, "दीडशेला देता का वो, चार खोल्या हायत्या." ही नागेशची अमेरिका! मी परत खुर्चीत येऊन बसले. दोन मिन्टात कॉम्प्युटरवर हिरवं अक्षर आलं. मंजूर.

ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"पहिल्याच बोलीला दिलं?"

"व्हय तात्या. अभिनंदन!"

"घासाघीस न्हाय, काय न्हाय? नागेश, ह्यात खोड हाय."

नागेशनं लई समजावलं. बुधवारी हायवेवरचं हाटेल रिकामंच असतंय, रिकाम्या खोलीपरीस दीडशे बरं, असा साधा हिशेब. ह्यांच्या गळी उतरंना. पैसं तर भरावंच लागलं. नाव उघडलं: हॉटेल जलतरंग, इंदापूर.

दुसऱ्या दिवशी टेम्पो मोकळा करून ह्ये मला घिऊन थेट इंदापूरला. मेंढराचं दात बघावं तसं त्या हाटेलाला तपासलं, बाई! गाद्या उलट्या केल्या. नळ सोडून घड्याळ लावलं. संडासात वाकून बघितलं. भिंतीला कान लावला. मॅनेजर हात चोळत मागं मागं. गेणबा नावाचा म्हातारा वेटर व्हता, आमच्या जवळच्या कळंबचा. त्याला बाजूला घिऊन विचारलं, "खरं सांग, हितं कुणी मेलंबिलं व्हतं का?"

"न्हाय वो. चांगलं हाटेल हाय."

"तेच तर म्हणतोय मी!"

संध्याकाळी मी रस्त्यात टेम्पो थांबवायला लावला. मला ऱ्हावलं न्हाय. म्हणलं, "दीडशेच्या खोलीची गादी उलटी करून बघितलीत. आन् पोरगा? त्याच्या बापानं बी पहिल्याच बोलीला व्हय म्हणलं. तवा न्हाय वाटलं खोड असंल म्हणून?"

ह्यांनी गाडी बंद केली. मग म्हणलं, "माणसाचं येगळं असतं."

"व्हय तर. माणसाचं दात बघायची लाज वाटती न्हवं!"

ह्यांनी टेम्पो चालू केला. पर बुधवार काय थांबला न्हाय.

बुधवारी सकाळी आमी आधीच पोचलो. प्रतिक्षा हिरव्या शालूत, नागेश कॅमेरा घिऊन. मी आरतीचं ताट धरून दारात उभी. खोड सापडंस्तवर हाटेलाचं नाव सांगायचं न्हाय म्हणून ह्यांनी पाव्हण्यांना नुसतं इंदापूरच्या फाट्यावर बोलवलं व्हतं. अकरा वाजता नागेश तितनं त्यांच्या दोन जिपा घिऊन आला. मोहनरावांनी खाली उतरायला पाय काढला, वरची पाटी वाचली आन् पाय परत आत घेतला.

"दादासो, ह्ये हाटेल नगं. दुसरं बघा."

आमच्या ह्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! जिपीजवळ पळतच गेलं. "काय खोड हाय, पाव्हणं? मी दोन दिस शोधतोय. तुमाला ठावं हाय न्हवं? सांगा की!"

 तेवढ्यात गेणबा पाण्याचा जग घिऊन भाईर आला. त्याचं त्वांड फुललं.

"या, या मोहनराव! पुन्यांदा साखरपुडा व्हय? दिवाळीला फलटणचं पाव्हणं, संक्रांतीला माळशिरसचं, आता आमच्या शेळगावचं. चला, तुमच्या नेहमीच्याच खोल्या हायत्या."

 नागेशनं कॅमेरा खाली घेतला. एरवी ह्या मोहनरावानं आधीच हाटेल बदलाय लावलं असतं. पर पैसं भरंस्तवर नावच झाकलेलं. आमाला ठावं न्हवतं, त्याला ठावं न्हवतं, कुणीच निवडलं न्हवतं ते.

मोहनराव आता उतरलं. "ते मोडलं वो. पत्रिका जुळंना."

"पत्रिका?" गेणबा साधा माणूस, त्याला कुठं थांबावं ते कळत न्हाय. "लग्नाच्या पत्रिका छापून झाल्यावं तुमीच न्हाय का म्हणला, आता साठ हजार वरनं द्या? ह्याच हॉलात बसला व्हता. फलटणची पोरगी लई रडली, तिला मीच पाणी दिलं."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी पडंल त्या बोलीला व्हय म्हणायचं. साखरपुडा होऊ द्यायचा, गावात पत्रिका वाटू द्यायच्या, पोरीच्या बापाला माघारी फिरायला वाट ठेवायची न्हाय, आन् मग खरा भाव सांगायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताट खाली ठेवलं आन् पदर खोचला. पर माझ्या आधी प्रतिक्षा पुढं गेली. ती माझ्यासारखी वरडत न्हाय.

विजयसिंह दुसऱ्या जिपीतनं उतरून सफारीची बटणं चाचपत व्हता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी ऱ्हायली.

"फलटणच्या मुलीचं नाव काय व्हतं?"

त्यानं घसा साफ केला. "ते... बोलणी सगळी बाबांनीच केली व्हती."

"आन् माळशिरसच्या?"

तो जिपीच्या चाकाकडं बघायला लागला.  लेकाची अशी शोभा झालेली मोहनरावांना बघवंना. ते मदतीला धावलं.

"अरं, आठव की! एक ती साठवाली. आन् दुसरी न्हाय का ती सत्तरवाली, तिचा बाप फ्रीजबी देणार व्हता."

 आमचं मालक पुढं सरकलं. एवढ्या वर्षांत ह्यांचा आवाज असा चिरकलेला मी ऐकला न्हवता.

"आन् माझ्या पोरीला तुमच्या घरात काय म्हणता, पाव्हणं?"

 जबाब प्रतिक्षानं दिला. ती आमच्या टेम्पोकडं निघाली व्हती, जाता जाता थांबली.

"पन्नासवाली म्हणत असत्याल, तात्या. आकडा तुमीच सांगितला व्हता."