पेरणीची मूठ

गोल्फचं ते पुस्तक वाचून माझं डोकं उठलं. नुसती काठी कशी धरावी यावरच अकरा पानं! भातकुलीच्या शाळेतल्या पोरींना मी ते शिकवणार तरी कसं? शेवटी त्यांच्यातल्या मायाच्या आईला, दुर्गाबाईंना, वाचून दाखवलं. त्यांचा जन्म पेरणीत मुठीतून बी सोडण्यात गेला.

"मॅडम, कावून एवढं लांबवून राह्यले?" त्या म्हणाल्या. "मूठ आवळली तं बी पडत नाही, ढिली सोडली तं सारं सांडते. काठी तशीच धराले सांगा पोरीले."

मी एका कागदावर तेवढंच लिहिलं.

अमरावतीच्या स्पर्धेत मायाचा चेंडू थेट झेंड्यापाशी जाऊन थांबला. पुस्तक लिहिणारे साहेब तिथंच होते. मी कशावरून शिकवलं हे विचारून त्यांनी माझा कागद घेतला, वाचला, उलटून पाहिला.

"बाकीचं कुठंय?"

मी झेंड्याकडे बोट दाखवलं.