किनाऱ्यावरची साखर

बोईसरच्या त्या लहानशा दवाखान्यात पौषातले ऊन कधी घाईने येत नसे. आधी ते समोरच्या पाण्याच्या टाकीवर रेंगाळे, कारखान्यांच्या धुरातून गाळून जरासे पिवळट होई, मग खिडकीच्या गजांतून उतरून रिकाम्या वजनकाट्यावर बसे. काटा हलत नसे. तिथून फरशीवरून सरकत ते बाकाखाली कुणा मुलाच्या विसरलेल्या चपलेपर्यंत जाई आणि तिच्या पट्ट्यात अडकलेली वाळू कणाकणाने उजळवी. डॉ. भाग्येश रोज ते पाहत बसे. माणसांकडे इतका वेळ पाहणे त्याला जमत नसे. ऊन निदान उलट प्रश्न विचारीत नव्हते.

आज मात्र अकरा वाजता त्याला उभे राहून आपल्या संशोधनावर बोलायचे होते.

बालमधुमेहाचे तरुण संशोधक घडवण्याच्या एका योजनेत त्याची निवड झाली होती. घडवण्याची व्यवस्था भक्कम होती: एका शिकाऊ डॉक्टरामागे पाच मार्गदर्शक. चौघे संगणकाच्या पडद्यावर, कॅमेरा बंद ठेवून मार्गदर्शन करीत. पाचवे, डॉ. शैलेश सर, महिन्यातून एकदा मुंबईहून प्रत्यक्ष येत आणि फोटो निघाला की परत जात. वर्षभरात पाचही जणांनी त्याच्या निबंधाचे शीर्षक सुधारले होते. ते आता साडेतीन ओळींचे झाले होते आणि त्यात ‘मूल’ हा शब्द कुठेच उरला नव्हता.

ऑक्टोबरात पालघरला शिबिर भरवून भाग्येशने पालकांना इन्सुलिन घरी कसे सांभाळावे ते शिकवले होते. त्यानंतर तीन महिन्यांत आतल्या भागातल्या मासवणकडच्या मुलांची साखर आटोक्यात आली. किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या तीन मुलांची मात्र चढत गेली. औषध तेच, सुया त्याच. सर हरखून गेले.

“समुद्र! मीठ, सुकी मासळी, खारा वारा! अरे, तुला किनारा सापडलाय!”

“सर, एकदा दांडीला जाऊन बघू का?”

“जाशील रे. आधी संदर्भ वाच. संशोधकाने घाईने माणसांत जाऊ नये.”

भाग्येशला मनातून हायसे वाटले होते. त्याने मिठावरचे एकशे बारा लेख वाचून काढले.

नऊच्या सुमाराला दांडीची मंदा आपल्या नऊ वर्षांच्या भाविकाला घेऊन आली. सरांना फोटोत एक मूल हवे होते, म्हणून बोलावणे गेले होते. मुलीचा फ्रॉक खांद्यावरून ओघळत होता. ती वजनकाट्यावर चढली. ऑक्टोबरपेक्षा तीन किलो कमी. परिचारिका मंजुळाताईंनी तिच्या बोटातून थेंब घेतला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे गेली, एवढेच कळवले.

“मंदे, सुई चुकवतेस काय गं?”

“चुकवीन कशी? दोनी टायमाला टोचते. औषध पन संगं आनलंय, बगा.”

तिने थर्माकोलचा डबा उघडला. आत ठेचलेला बर्फ, त्याला चिकटलेला पापलेटचा एक खवला, आणि मधोमध, एखाद्या मौल्यवान वस्तूसारखी, इन्सुलिनची बाटली. मंजुळाताईंनी ती उन्हात धरली. दुधाळ औषध गोठून फाटले होते. काचेला आतून कण चिकटले होते.

“मेलं की गं हे औषध! बर्फात कोन ठेवतं?”

“मंग? आमच्याकडं फ्रीज नाय, पन होडीचा बर्फ हाय. मासवनवाल्यांनी मडक्यात ठेवलं. आमी त्यांच्यापरीस थंड ठेवलं!” मंदाच्या आवाजात अभिमान होता.

“असं कोण म्हणालं तुम्हाला?” भाग्येशने विचारले. आवाज गरजेपेक्षा कडक निघाला.

मंदाने त्याच्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. “आसंल कोनीतरी. शिबिरात गर्दी व्हती.”

भाविकाला खाटेवर निजवून सलाईन लावले, ताजे इन्सुलिन सुरू केले. मंजुळाताईंनी दांडीच्या उरलेल्या दोन्ही घरी फोन केले: बर्फातले टोचू नका, पोरांना घेऊन लगेच निघा.

साडेदहाला सर आले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले.

“‘अभ्यासाच्या मर्यादा’मध्ये टाक. ‘पालकांचा गैरसमज’. एक ओळ पुरे.”

“आणि मीठ, सर?”

“मीठ राहू दे. मिठाने कुणाचं काय वाईट केलंय? बरं, फोटोपुरती ती मुलगी उठून बसेल का?”

“नाय बसायची,” मंजुळाताई खाटेपाशी उभ्या राहत म्हणाल्या.

भाग्येशने ओळ टंकली. वाक्य सुबक होते. त्यात करणारा कुणीच नव्हता. ऊन आता खाटेपर्यंत आले होते. भाविकाने उशालगतची वही त्याच्याकडे सरकवली. शिबिरात वाटलेली, कोपरे मुडपलेली.

“डाक्टर, तुमी सांगितलेलं सगलं लिवलंय मी. तपासा ना.”

वही उघडायची गरज नव्हती. शिबिराच्या त्या दुपारी तो बोलता बोलता नेमका औषध ओल्या मडक्यात ठेवण्यापर्यंत आला होता. औषध गोठू देऊ नका, हे पुढचेच वाक्य होते. तेवढ्यात सरांनी फोटोसाठी हाक मारली होती, आणि इतक्या माणसांसमोरून सुटका झाली या आनंदात त्याने उरलेले सगळे एका वाक्यात गुंडाळले होते. तरी त्याने वही उघडली. ते वाक्य तिथे होते. भाविकाने त्याखाली दोनदा रेघ ओढली होती.

अकरा वाजता पडद्यावर चार काळे चौकोन उमटले. सर पुढच्या खुर्चीत बसले. भाग्येशने साडेतीन ओळींचे शीर्षक वाचले, घोटभर पाणी घेतले आणि कागद उलटे करून ठेवले.

“दांडीच्या मुलांचं औषध बर्फाने निकामी झालं,” तो म्हणाला. “‘जितकं थंड, तितकं चांगलं’ असं शिबिरात मीच सांगितलं होतं.”