अठ्ठावीस गोळ्यांचा महिना

धाकट्याला फिट आली, कपाळाला सात टाके पडले, तेव्हा कुठे ताईला कळलं की तो तीन आठवडे फिटची गोळी दिवसाआड घेत होता.

साबणाच्या कारखान्यात तो पॅकिंगला होता. रोज एक गोळी, आणि नऊ वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. गेल्या वर्षापासून औषधाचा खर्च कारखान्याने उचलला. वर्षाचा अंदाज आधीच काढायचा आणि तेवढीच पाकिटं कारखान्याच्या खिडकीतून द्यायची. डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच जमा, त्यामुळे बाहेरचा केमिस्ट दारात उभं करेना.

गोळ्या संपत आल्यात हे सांगायचं नाही का, असं ताईने विचारलं. सांगितलं होतं, तो भिंतीकडे बघत म्हणाला. क्लार्क म्हणाला, जपून वापर.

ताई शिवणकाम करायची. मशीनवरचा अर्धवट शर्ट तसाच टाकून, रिकामं पाकीट मुठीत घेऊन ती कारखान्यात गेली.

क्लार्कने खुर्ची दिली, कागद काढला आणि समजावून सांगितलं. स्वस्तातली जेनेरिक गोळी, महिन्याला एक पाकीट, वर्षाची बारा. ताईने पाकीट टेबलावर ठेवलं.

"मोजा."

त्याने फोडलेले कप्पे बोटाने मोजले. अठ्ठावीस भरले.

"तुमच्याकडे महिना कितीचा असतो?"

पाकिटांच्या रकान्यात बारापेक्षा मोठा आकडा बसत नाही, एवढंच तो बोलला. पाकिटाची किंमत त्याच कागदावर होती. तेवढ्या पैशांत दोऱ्याची दोन रिळं येत. किंमत वाचताच ताईच्या डोक्यात तिडीक गेली. औषध महाग असतं, तर तिने मनाची काहीतरी समजूत घातली असती.

तिचा चढलेला आवाज ऐकून साहेब बाहेर आले. खास बाब म्हणून एक पाकीट मंजूर करतो, विनंती अर्ज लिहून द्या, असं त्यांनी सुचवलं.

"चूक तुमची आणि विनंती मी करू?" ताई म्हणाली. "रोजच्या गोळीवर आणखी किती माणसं आहेत?"

क्लार्कने साहेबांकडे न बघता यादी उघडली. एक्केचाळीस जण होते, आणि सगळ्यांपुढे बारा.

ताई खुर्चीवरून हलली नाही. साहेबांनी दोनदा तिला जायला सांगितलं, मग आत जाऊन फोन केले. संध्याकाळी त्या रकान्यावरची बाराची मर्यादा निघाली आणि क्लार्क एकेका नावापुढे आकडा बदलू लागला. मध्येच थांबून तो हळूच म्हणाला, "ताई, तेरा पाकिटांनीही वर्षाला एक गोळी कमी पडते."

"मग चौदा घाला."

त्याने पहिल्यापासून परत सुरुवात केली आणि सगळीकडे चौदा घातले.

घरी येऊन ताईने धाकट्याच्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहिली. जपून वापर म्हटल्यावर हा मुकाट्याने परत आला, हे तिला अजून गिळवत नव्हतं. दोन दिवस ती त्याच्याशी अक्षर बोलली नाही.