सगळं गाव एका पंगतीला

"वीटभट्टीवरच्या पोरांची पंगत नंतर. तू खा, आणि मागे वळून बघू नकोस," आई म्हणाली होती. त्या दिवशी लंडनला राणीचा राज्याभिषेक होता आणि आमच्या चर्चच्या अंगणात मुलांना खाऊ होता. मी मान खाली घालून केक खाल्ला. माझी वीटभट्टीवरची मैत्रीण डोरीन कुंपणाबाहेर उभी होती.

आता वीटभट्टीच्या जागी महागडी घरं आलीत, आणि गावाच्या आठवणींचं पुस्तक निघालंय. त्यात त्या दिवसाचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'सगळं गाव एका पंगतीला.'

सकाळची प्रार्थना आटोपून मी पुस्तक काढणाऱ्या रॉडनीला चर्चच्या दारात गाठलं. "डोरीननं सांगितलेली चार पानं मी लिहून दिली होती. ती कुठं गेली?"

"अगं हेझल, लोकांना गोड आठवणी हव्यात. रडगाणं विकत कोण घेणार? आणि तू तर टेबलाशी बसली होतीस की. तुला काय कमी पडलं?"

मी पुस्तक मिटलं.

डोरीनला आता दिसत नाही. पुस्तक आलं की एकही ओळ न गाळता वाचून दाखवीन, असा शब्द मी तिला दिला होता. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि तिच्या घराची वाट धरली.